बंद कानांतली गरगर

नमस्कार. या ग्रुपवर दोन वर्षं मी नुसती वाचत असते, आणि खरं सांगते, बऱ्याचदा हसतही असते. करणी, नजर, अमावस्या… आमच्या घरात यातलं कधी काही नव्हतं. लिंबू आणायचं ते सरबतासाठी. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

आम्ही बदलापूर पूर्वेला, कात्रपला राहतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आमचं लव्ह मॅरेज, म्हणून नवऱ्याला मी नावानेच हाक मारते — सुनील. तो उंचावरची रंगकामं करायचा. कारखान्यांच्या चिमण्या, पाण्याच्या टाक्या. कमरेला पट्टा बांधून रोपवर, म्हणजे जाड दोरावर, लटकायचं आणि रंग मारायचा. जोडीला कायम संतोष, मोरिवली गावचा. एकजण वर असला की दुसऱ्याने खालून हलायचं नाही, असा दोघांचा नियम होता.

मागच्या वर्षी सुनीलला रक्तात इन्फेक्शन झालं. इंजेक्शनांनी जीव वाचला, पण घरी आला तो भिंत धरून. रस्त्यावर चालताना दुकानांच्या पाट्या त्याच्या डोळ्यांपुढे नाचायच्या. अंघोळ करताना साबण लागून डोळे मिटले, की पडायचा.

उल्हासनगरच्या कानाच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. कानाच्या आत तीन बारीक गोल नळ्या असतात, त्यात पाणी असतं. डोकं वळलं की पाणी जरा मागे राहतं, आतल्या केसाहून बारीक तंतूंना ढकलतं, आणि मेंदूला कळतं — आपण फिरलो. शेजारीच खड्यांसारखे कण असतात, ते वर कुठे आणि खाली कुठे ते सांगतात. इंजेक्शनांनी सुनीलचे ते तंतू गेले होते. दोन्ही कानांतले. ऐकू येत होतं, पण तोल नव्हता.

"परत येतील ना?" मी विचारलं.

"नाही. ते पुन्हा उगवत नाहीत."

मग त्यांनी माझ्यासमोर सुनीलच्या कानात गार पाणी सोडलं. धडधाकट माणसाला याने गरगरतं, डोळे एका बाजूला सरकून झटके देतात. सुनीलचे डोळे जागचे हलले नाहीत. "थंड लागतंय, बस," एवढंच म्हणाला. येताना रिक्षात मात्र बोलला, "चक्कर तरी यायला हवी होती गं. आत कोणी नाहीच."

मी जीन्सचे धागे कापायचं काम घरी आणायला लागले. संतोषने दुसरा जोडीदार घेतला.

तो मंगळवार होता. दुपारचे सव्वादोन. सुनील प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला, मी खाली जीन्सच्या गठ्ठ्यापाशी. एकदम त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले.

"मी फिरतोय."

वर बघितलं तर त्याचे डोळे एका बाजूला सरकत होते आणि झटक्याने परत येत होते. सारखे. थोडे थांबले, मग उलट्या बाजूला सुरू झाले. खुर्ची जागेवर, डोकं जागेवर, पंखासुद्धा बंद.

"हे रोपचं फिरणं आहे," तो म्हणाला. "पीळ बसतोय नि सुटतोय. संतोष मोरिवलीला चिमणीवर आहे आज. फोन लाव."

"अरे, रोपवर असेल तर उचलेल कसा?"

"मग सुपरवायझरला लाव!"

त्याने स्वतः मोबाईल घ्यायचा प्रयत्न केला, पण नंबर दिसेना. मोबाईल खाली पडला. मी उचलला. आणि मला काय सुचलं असेल? डॉक्टरांना दाखवायला मी त्याच्या डोळ्यांचा व्हिडिओ काढला. चाळीस सेकंदांचा. वाटलं, कान बरे होतायत… मला आनंद झाला होता हो! मग उलटीची गोळी शोधायला आत गेले. बाहेरून त्याचा आवाज — "डोकं खाली झालंय. लाव ना गं."

"आधी गोळी घे," मी म्हणाले.

पावणेतीनला डोळे थांबले. "संपलं," म्हणाला आणि रडायला लागला.

फोन संध्याकाळी आला. संतोषचा रोप पिळला गेला, फिरता फिरता डोकं लोखंडी ब्रॅकेटवर आपटलं, आणि तो तसाच उलटा लटकत राहिला. चिमणीच्या मागच्या बाजूला. खालचा माणूस जेवायला गेला होता. तीनला परत आला, तेव्हा त्याला दिसलं. लवकर उतरवलं असतं तर वाचला असता, असं हॉस्पिटलमध्ये म्हणाले.

व्हिडिओ मी डॉक्टरांना दाखवला… आवाज बंद करून. त्यांनी तो चारदा बघितला. "हे होऊच शकत नाही," म्हणाले आणि सगळ्या टेस्ट पुन्हा केल्या. गार पाणी, गरम पाणी, फिरती खुर्ची. काहीच नाही. दोन्ही कान तसेच, मेलेले.

महिन्याभराने संतोषची बायको नंदा घरी आली. दहाव्याला सुनील तिच्यासमोर बोलून गेला होता, "मला त्याच वेळी कळलं होतं." ती त्याच्यासमोर बसली.

"दादा, त्यांना लय तरास झाला का?"

"आधी खूप फिरला. मग डोकं खाली झालं. मग काही नाही, नंदा."

ती बराच वेळ पदर बोटाला गुंडाळत राहिली. "मंग फोन नाय केला कोनला?"

मी चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. सुनीलने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मोबाईल बंद पडला होता माझा. आणि ही घरी नव्हती, बाजारात गेली होती."

नंदाने मान डोलावली. चहा घेतला. जाताना जिन्यात तिने माझे दोन्ही हात धरले. "वहिनी, तुमच्यामुलं दादा उभे हाएत," म्हणाली. ती तीन मजले उतरून गेली, तरी मी तिथेच होते.

सुनीलने त्यावर आजपर्यंत एक शब्द काढलेला नाही. मला बोललाही नाही, रागावलाही नाही. लिहायला मात्र त्यानेच सांगितलं. त्याला जाणून घ्यायचंय, की ज्या कानांना स्वतःचं फिरणं कळत नाही, त्यांना दुसऱ्याचं कसं कळलं. डॉक्टरांना माहीत नाही. मलाही नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर त्याच्यासाठी सांगा. मला आता उत्तर मिळालं काय, न मिळालं काय.