मधली डाय

महाडच्या बाजारात शेठचं बंदुकांचं दुकान होतं. पुढच्या बाजूला बंदुका दुरुस्तीला यायच्या, काडतुसं विकली जायची. मागच्या खोलीत काडतुसं भरली जायची. भरण्याचा परवाना शेठच्या नावावर होता. भरायचे माझे मालक, म्हणजे माझा नवरा. आणि ही गोष्ट घडली त्याआधीची दोन वर्षं खरं तर मी भरत होते. हे कुणाला माहीत नाही, अशी आमची दोघांची समजूत होती.

मालक आधी मुंबईला एका वर्कशॉपात फिटर होते. छातीचं दुखणं जडलं म्हणून गावी परतले. आमची बौद्धवाडी शहराला लागूनच, बाजारात चालत वीस मिनिटांत पोहोचायचं. शेठला बंदुकीचे घोडे आणि कमानी बसवणारा माणूस हवा होता, त्यांनी मालकांना ठेवून घेतलं. तेव्हा पोलादपूर, वरंध, शिवथर या सगळ्या डोंगरपट्ट्यात शेतरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका बऱ्याच होत्या. नाचणी दाण्यावर आली की रानडुकरं उतरत आणि शेत उलथंपालथं करून जात. त्यामुळे आश्विनात काडतुसांना उठाव असे. लोक पितळी काडतुसं वापरत. रिकामी झाली की आणून देत, आम्ही पुन्हा भरून देत असू.

भरायचं यंत्र शेठनं महाबळेश्वरच्या एका शिकारी साहेबाच्या बंगल्यातल्या लिलावातून आणलं होतं. वर एक उभी नळी, तिच्यात शिशाच्या मोठ्या गोळ्या. खाली पोलादी डाय, म्हणजे भोक पाडलेला आट्यांचा ठोकळा. काडतूस खाली धरून दांडा दाबला की डायमधून एक गोळी काडतुसात पडे. डुकराच्या काडतुसाला सहा गोळ्या, म्हणजे सहा वेळा दांडा. पेटीत तीन डाय होत्या, धाकटी, मधली आणि थोरली. त्यांच्यावरचे आकडे केव्हाच झिजून गेले होते. गोळीच्या मापाची डाय निवडायची, ती आट्यांवर खालीवर फिरवून नेमकी उंची धरायची आणि ती हलू नये म्हणून वरचा चेकनट आवळायचा. डाय अर्धा फेरा खाली गेली तर दोन गोळ्या एकदम पडत. अर्धा फेरा वर राहिली तर गोळी आतच लटके. एवढंच काम होतं, पण त्याला डोळा लागायचा.

आणि मालकांचे डोळे जात होते.

आधी त्यांनी मलाही सांगितलं नाही. मी दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला जात होते. एक दिवस घरी आल्यावर ते म्हणाले, "उद्या दुपारची भाकरी घेऊन ये गो दुकानात. आणि जरा बस तिथं."

"मी बसून काय करू?"

"मला आटे दिसत नाय. धुकं बसल्यासारखं हाय डोल्यावर."

भाकरी घेऊन मी गेले ती तिथलीच झाले. शेठ पुढं गिऱ्हाइकांत, मधे पडदा. मालक शिकवत गेले आणि मी हातानं शिकत गेले. कुठली गोळी कुठल्या डायची, हे नखावर कळायला लागलं. गोळी डायच्या तोंडावर ठेवायची. ती आपल्या वजनानं घसरली पाहिजे, पण बाजूनं नख जाईल एवढी जागा राहता कामा नये. शिसं वितळवून आमच्या साच्यात ओतलेल्या गोळ्यांना मधली डाय बसे. रोज सकाळी डाय लावली की आधी रिकाम्या काडतुसात दहा वेळा गोळ्या पाडून बघायच्या, ओतायच्या, पुन्हा पाडायच्या. मग कानानं काम चाले. टप, टप, टप, सहा वेळा. सहावा आवाज आला की काडतुसात बोट घालून चाचपायचं आणि मालकांच्या हातात द्यायचं. ते वरून पुठ्ठ्याची चकती दाबून बसवत आणि कड मेणानं बंद करत. त्याला डोळे लागत नव्हते.

पगार एकाचा होता आणि कामाला दोघं होतो. त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. नोकरी टिकली, एवढंच पुरेसं होतं. पण सकाळी घरचं सगळं उरकून जायचं, दिवसभर दांडा दाबायचा, परत येऊन चूल पेटवायची. उजवा खांदा असा धरायचा की वेणी घालायला हात वर जात नसे. मी केस कापून आखूड केले. शेजारणी हसल्या. बोलायलाही कंटाळा येई.

ज्या आश्विनाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी शेठनं गोळ्या ओतायचा नवा साचा आणला. जुन्याची खाच झिजली होती. नव्या साच्यातली गोळी हाताला जराशी जाड लागली. मधल्या डायवर ठेवली तर कधी घसरे, कधी थबके. थोरलीत टाकली तर सैल पडे आणि मागची गोळी तिला खेटून खाली येई.

मी मालकांना म्हटलं, "दोन्ही डाय कामाच्या नाय. मधलीचं भोक वाढवायला पायजे."

त्यांनी पडदा सारून शेठना सांगितलं. "पोलादपूरच्या लेथवाल्याकडं द्यावी लागेल शेठ. दोन-तीन दिवस जातील."

शेठ म्हणाले, "आता? लोक दारात उभे आहेत. दिवाळीनंतर द्या. तोवर तुम्हीच काहीतरी जमवा, तुमचा हात चांगला आहे."

आम्ही जमवलं. मधली डाय थोडी खाली घेतली, गोळ्यांना चिमूटभर शिसपेन्सिलीची पूड चोळली. पहिली वीसेक काडतुसं छान झाली. पुढं मधूनच एखादी गोळी अडके. दांड्याला टिचकी मारली की पडे. आवाजावर लक्ष ठेवलं की कळत होतं.

पण नवरात्र बसलं होतं. समोरच्या मंडपात कर्णा लागला, तो सकाळपासून वाजे. नऊ दिवस मला टप ऐकू आलं नाही. तेव्हा प्रत्येक काडतुसात बोट घालून सहा गोळ्या मोजायला हव्या होत्या. पहिले दोन दिवस मी मोजल्या. मग बोटाचं टोक सोललं, पुढच्या खोलीतून "झाली का, झाली का" सुरू झालं, आणि मी दांड्याचे सहा दाब मोजायला लागले. सहा दाबले म्हणजे सहा पडल्या, असं धरून चालले. मी आळस केला असं नाही म्हणणार. मी दमले होते. पण ज्याच्या पायावर ते बेतलं, त्याला या दोन्हींत काय फरक?

दसऱ्यानंतर चार दिवसांनी वरंधकडचा एक शेतकरी दुकानात आला. रुमालात चार काडतुसं होती, ती त्यानं शेठच्या पुढं ठेवली. पडद्याआडून मला सगळं ऐकू येत होतं.

"ही फोडून दाखवा शेठ. आता, माझ्यासमोर."

"काय झालं?"

"माझा भाव सरकारी दवाखान्यात पडलाय. तिन्हीसांजेला डुक्कर आला नाचणीत. धा पावलांवर बार टाकला. आवाज झाला, धूर झाला, आन डुक्कर सरळ अंगावर आला. मांडी फाडलीन त्याची. आमचा भाव नेम चुकायचा नाय."

शेठनं चारही काडतुसं फोडली. दोनांत सहा-सहा गोळ्या निघाल्या. एकात तीन. एकात दोन.

शेठनं मालकांना हाक मारली. ते पडदा चाचपत पुढं गेले. गोळ्या त्यांना दिसल्या नसणारच. शेठनं सांगितलं तसं ते म्हणाले, "माझ्या हातनं झालं. माझीच चूक हाय."

मी आत डायवर हात ठेवून उभी राहिले. पुढं गेले नाही. इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त टोचलं असेल तर ते हेच.

आम्ही घरी आलो. जेवणं झाल्यावर मी म्हटलं, "चूक माझी हाय. मी बोट घालायचं सोडलं होतं."

ते म्हणाले, "मला हलकी लागली होती दोन-चार. हातावर घेतल्यावर."

"मंग बोलला का नाय?"

"वाटलं, डोलं गेलं तसा हात पन गेला. तुला कशाला आनखी सांगायचं."

म्हणजे दोघांनाही कळलं होतं, आणि दोघंही एकमेकांना जपत गप्प राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी पडद्यातून सरळ पुढं गेले आणि शेठना सांगितलं की काडतुसं मी भरते, दोन वर्षं झाली. शेठ चष्मा पुसत होते. पुसतच राहिले.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "पहिल्या महिन्यातच कळलं होतं. काम नीट होत होतं, मी का बोलू?"

राग यायला हवा होता. पण मला फक्त खाली बसावंसं वाटलं. मी तशीच उभी राहून म्हटलं, "नवरात्रात भरलेली सगळी काडतुसं परत मागवा. वहीत नावं हायत. अजून कुणाच्या अंगावर डुक्कर येईल."

शेठना परवान्याची काळजी होती. गावोगाव बोभाटा झाला तर कचेरीतून चौकशी येईल, म्हणाले. मग वही उघडून म्हणाले, "कोण जाणार सांगायला?"

"मी जाते."

काडतुसं घेऊन गावोगाव फिरायचा मला परवाना नव्हता, म्हणून मी फक्त निरोप नेणार होते. ही काडतुसं उडवू नका, दुकानात आणून द्या, बदलून मिळतील. शेठनं नावं कागदावर उतरवून दिली. मी पाच दिवस फिरले. आधी नाते गाव, मग शिवथरच्या खोऱ्यातल्या वाड्या, मग पोलादपूरकडची दोन गावं. एसटी मिळेल तिथं एसटी, नाही तिथं चालत. एका म्हाताऱ्यानं माझ्यासमोर काडतुसं मडक्यातून काढून मोजली आणि म्हणाला, "बरं झालं बाय सांगितलंस, उद्याच राखणीला बसणार होतो मी." एकानं दारातूनच हाकललं. दोघांनी उडवून संपवली होती, आणि त्यांचं काही बिघडलं नव्हतं. टाचांना भेगा पडल्या. रोज वाटे, आज पुरे, उरलेली दोन घरं राहू देत. पण कागद पदरात असे, आणि उठावं लागे.

वरंधचं घर मी शेवटी ठेवलं होतं. तिथं निरोप सांगायचा नव्हता. तो माणूस दवाखान्यातून घरी आला होता आणि पडवीत बाजेवर पडून होता. भाऊ शेतावर गेला होता. आईनं मला पायरीवर बसवलं आणि विचारलं, "कुठली गो तू?" मी सांगितलं. ती आत गेली. चहा आला तो गोठ्याच्या खांबावर अडकवलेल्या कपातून. तो कप कशासाठी असतो हे मला सांगायची गरज नव्हती. एरवी मी उठून चालती झाले असते. त्या दिवशी मला रागवायलाही जागा नव्हती. मी चहा प्यायले.

बाजेवरच्या माणसाला म्हटलं, "दादा, तुमची काडतुसं मी भरली होती."

तो कोपरावर रेलून उठला. "तू? मंग तुझा मालक माझीच चूक बोलला, ता कसा?"

"त्यांना दिसत नाय. माझ्यासाठी बोलले."

"कशी राहिली गोळी?"

मी त्याला सगळं सांगितलं. नवा साचा, जाड गोळी, मधली डाय, कर्णा, सोललेलं बोट. तो मधे मधे विचारत होता. डाय कशी असते, उंची कशी धरतात. दिवसरात्र छपराकडं बघून कंटाळलेल्या माणसासारखं त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. शेवटी म्हणाला, "चांगलं चालता येनार नाय आता, डाक्टर बोल्ला. लावनी कशी करायची?"

मी म्हटलं, "चुकलं दादा."

"चुकलंच," तो म्हणाला. मग आईला हाक मारली, "आये, तिची एसटी जाईल. वाट दाखव तिला खालची."

म्हातारी फाट्यापर्यंत माझ्याबरोबर आली. वाटेत ती चार पावलं पुढंच चालत राहिली. एसटी आल्यावर हात करून थांबवली मात्र तिनंच.

मधली डाय पोलादपूरला गेली आणि भोक वाढवून आली. पुढं शेठनं मला पडद्याच्या आत न ठेवता उजेडात, खिडकीशी बसवलं. पगार थोडा वाढवला, तो मालकांच्याच नावानं. मी बोट घालून मोजल्याशिवाय एकही काडतूस पुढं जाऊ दिलं नाही, त्यामुळे दिवसाला निम्मीच होत. शेठ कुरकुरत आणि मी ऐकून घेत असे. त्या हिवाळ्यात शहरात डोळ्यांचं शिबिर भरलं. मालकांचा एक डोळा उघडला, दुसरा राहिला. वरंधचा माणूस काठी घेऊन चालायला लागला, हे त्याच्या भावाकडून कळलं. लावणी भाऊच करायचा. हा भाऊ पुन्हा काडतुसं घ्यायला आला तेव्हा माझ्याशी दोन वाक्यं बोलला, एवढंच.

काही वर्षांनी काडतुसं भरायचा परवाना पुढं वाढवून मिळाला नाही. शेठनं तयार काडतुसं विकायला सुरुवात केली. महाडच्या बाहेर कारखाने उभे राहत होते, तिथं मला डबे भरायचं काम लागलं. पाळीभर उभं राहायचं, झाकणं लावायची. पाय सुजत. पण झाकण वाकडं बसलं तर मुकादम ओरडे, डबा बाजूला ठेवी, आणि तिथंच ते संपे.