आंबटाआडची साखर

चार माणसं एका छपराखाली कामाला असली की किस्से आपोआप साचतात, टाकीच्या तळाला गाळ साचतो तसे. परतूरच्या अलीकडे आमची लहानशी वायनरी आहे. मी लॅबमध्ये, आणि चव घ्यायला आश्रुबामामा. आमची रिस्लिंग ही पांढरी वाइन गोड की कोरडी, म्हणजे बिनगोडीची, हे लेबलवर त्यांच्या शब्दावरूनच छापलं जायचं.

*

एकदा एका पाहुण्यांनी टाकीकडे बघत विचारलं, "शुगर किती आहे?"

मामांना वाटलं, आपल्यालाच विचारलं! "परवा दोनशे व्हती. गोळी चालू हाय!"

*

एकदा दोन टाक्यांच्या साखरेचा आकडा मशीनवर अगदी सारखा आला. मामा म्हणाले, "सकाळी सांगतो." ही त्यांची नेहमीची पद्धत. नमुना बाटलीत घ्यायचा, बूच लावायचं आणि घरी न्यायचा.

सकाळी म्हणाले, "पहिली गोड, दुसरी कोरडी."

मी हसलो. "अहो मामा, साखर दोन्हीत सारखीच आहे!"

"असंल. पण दुसरीत आंबट लई. साखर त्याच्या मागं लपून राह्यली."

मी चाखून पाहिलं. खरंच की!

*

मालक एकदा चिडले. "एवढं महागाचं मशीन असताना जीभ कशाला पाहिजे?"

"मशीन साखर मोजतंय, मालक. गोडी न्हाई!"



*

मामांचा विसरलेला डबा द्यायला एकदा संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. बघतो तर काय, मामी ओट्यावर बसून आमच्या नमुन्यात बोट बुडवून जिभेला लावत होत्या! "ही बिलकुल कोरडी हाय ओ," त्या मामांना सांगत होत्या.

मला पाहून मामांचा चेहरा उतरला. "तापात माझी चव गेल्ती, ती परत आलीच न्हाई. तवापासून जीभ हिची. कुठं बोलू नको बाबा, नोकरी जाईल."

मी शब्द दिला आणि आजवर पाळला.

*

यंदा मामी गेल्या. तेराव्याचं गोड जेवण झालं आणि मामा कामावर आले. नवी रिस्लिंग तयार होती, त्यांच्या एका शब्दावाचून लेबलं अडली होती. मशीनवर साखर भरपूर दिसत होती.

मालकांनी पेला पुढे केला. मामा सवयीनं म्हणाले, "सकाळी सांगतो," आणि नमुना घेऊन घरी गेले.

सकाळी त्यांनी बाटली माझ्या टेबलावर ठेवली. बूच उघडलेलंच नव्हतं.

मी हळूच विचारलं, "मामा, काय लिहू?"

"कोरडी," ते म्हणाले.