तांदळात लिहिलेलं नाव

लग्न ठरलं तेव्हा मी संगमनेरच्या कॉलेजात इंग्रजी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. रंगानं काळी, तोंडानं फटकळ. मावशी म्हणायची, हळद-बेसन लाव गं, उजळशील. मी म्हणायचे, भिंत हाय का मी, चुना मारायला?

त्या वर्षी आम्हाला अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं साहित्य होतं. गुलाम विकत घेतला की मालक त्याचं नावच बदलून टाकायचे, हे वाचलं आणि मला जेवण गोड लागेना. पुढे त्याच लोकांच्या लेकी हातात माइक घेऊन घरच्या बोलीत रॅप करायला लागल्या आणि गाण्यात स्वतःचं नाव ठणकावून घ्यायला लागल्या. मला तर वेडच लागलं. वर्गातल्या पोरी माझं 'हाय' नि 'न्हाई' ऐकून हसायच्या. त्याच बोलीत रॅप जुळवला, गॅदरिंगला म्हटला आणि त्याच पोरींच्या टाळ्या घेतल्या.

इकडे कोल्हारला, माझ्या होणाऱ्या सासरी, माझ्यासाठी नवं नाव शोधणं चाललं होतं. आमच्यात लग्न लागून घरी आलं की नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. जुनं तिथंच संपतं. लग्न म्हणजे गुलामी, असं मी म्हणत नाही हं. पण नाव कुणाचं बदलतं, ते बघा की! माझं बदलायचं नाही, असं मी नवऱ्याला आधीच बजावलं होतं. तो म्हणाला, बघू. त्याच्या 'बघू'चा मला काडीचा भरवसा नव्हता.

वरात दारात आली. नणंदेनं रीतीप्रमाणे वाट अडवली, नाव घे म्हणाली. उखाण्यात नाव घ्यायचं ते नवऱ्याचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी टिचक्यांवर ठेका धरला.

"प्रवरेचं पानी प्याले, उन्हानं रापले काळी,
आत्यानं ठेवलं नाव हाय माझ्या कपाळी.
ह्यांचं नाव घेते, पन माझं बी घ्या,
ननंदबाई, नावासकट मला आत येऊ द्या."

आणि खणखणीत आवाजात आधी माझं, मग त्याचं नाव घेतलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आत्यासासूबाईंचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. नणंद हसत बाजूला झाली आणि मी माप ओलांडलं.

आत तांदळाचं ताट मांडलेलंच होतं. आत्यासासूबाईंनी ठरलेलं नवं नाव सांगितलं. नवरा अंगठी धरून नुसता तांदळाकडे बघत बसला. मी त्याच्या हातातनं अंगठी घेतली आणि माझंच नाव ठसठशीत लिहिलं. तेवढ्यात सासूबाई पुढं आल्या. आता पुसतात, असंच वाटलं.

त्यांनी ताट जवळ ओढलं, निरखून बघितलं.

"ह्येच्या खाली जागा हाय," त्या म्हणाल्या. "माझं माहेरचं लिही."

त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. माझ्या नवऱ्यानं आपल्या आईचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.