हरलेल्यांची पंगत

धप्. जरा थांबून पुन्हा धप्. पोळा झाला की आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, धुम्मसाचा हा आवाज गावभर जायचा. पावसाने उखणलेलं हुतुतूचं मैदान ते स्वतः ठोकून काढत आणि मी शेजारी उभा राहून चौथीतली कविता त्या ठोक्यावर म्हणे. ओळ लांबली की आबा धुम्मस वरच धरून थांबायचे.

गेल्या महिन्यात परदेशातल्या मुलाशी फोनवर बोलताना सहज विचारलं, "माझ्या आजोबांचं नाव काय रे?"

"आबा ना?"

"ते नाव नव्हे."

मग तो म्हणाला, "बाबा, तिथे आता आपलं कोण आहे?" फोन ठेवल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं. माझ्यानंतर ते नाव घेणारं कुणीच नाही. गावात एखादा तरी असेल, एवढ्या आशेवर पिशवी भरली.

नाशिकहून धुळ्यामार्गे एसटीने संध्याकाळी नंदुरबार. मुक्काम स्टँडजवळच्या साध्या लॉजवर. गरम पाणी फक्त सकाळी, तेही लवकर उठणाऱ्याला. हिवाळ्यात जाणार असाल तर गावाबाहेरच्या मिरच्या वाळवायच्या पथाऱ्या चुकवू नका. सगळी जमीन लालभडक, आणि पाहणारा शिंकतोय. रात्री शेवभाजी खाल्ली. हॉटेलवाल्याने विचारलं, "कितला जन?" मी एक बोट वर केलं.

दुसऱ्या दिवशी शहादा, आणि तिथून तोरणमाळच्या पायथ्याकडे जाणारी काळी-पिवळी जीप. सुटे पैसे जवळ ठेवा. माणसं मावत नाहीत असं मला वाटलं तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, सरका जराखा. आनखी दोन जन बसतीन." बसलेही.

आमचं घर केव्हाच दुसऱ्याचं झालंय. तिथे आता पिठाची गिरणी आहे. पारावर बसलेल्या गृहस्थांना विचारलं, "इथले आबा आठवतात का, हुतुतूवाले?"

"कोन्ता आबा? आठे तं घरोघर आबा शेतस," ते हसून म्हणाले. चूक त्यांची नव्हती. आबांना गावात कुणी नावाने हाकच मारली नाही.

मैदान मात्र होतं. त्या दिवशी योगायोगाने गावच्या पोरींचा आणि वरून, तोरणमाळकडून, आलेल्या पोरींचा सामना होता. आता त्याला कबड्डी म्हणतात. वरच्या पोरी चपळ, पण शेवटच्या चढाईत हरल्या. त्यांची कप्तान मातीत बसून हुंदके देत होती.

मग शाळेच्या ओट्यावर पंगत मांडली गेली, आणि वाढणारी बाई ओरडली, "हरेल पोरीस्ले पहिले वाढा वं!"

ही आबांची रीत. सामना संपला की दोन्ही संघ आमच्या घरी जेवायला, आणि पहिलं ताट हरलेल्यांना. जिंकलेला संघ आपल्याच गावचा असला तरी आबा हरलेल्यांच्या पंगतीत बसायचे. आजीचा हात मोडला त्या वर्षी भाकऱ्या त्यांनीच थापल्या होत्या; एकीचा आकार दुसरीला जुळेना, आणि आजी पदराआड हसत होती.

"ही पद्धत कोणी पाडली?" मी त्या बाईंना विचारलं.

"काय माहीत. पहिलेपासूनच शे."

नाव जिभेवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर आपलीच वस्तू परत मागायला आल्यासारखं झालं असतं. मी मुकाट्याने हरलेल्या पोरींच्या ओळीत जाऊन बसलो. कप्तानने डोळे पुसत विचारलं, "बाबा, तुम्ही कोणत्या टीमचे?"

"तुमच्याच."

ती हसली. त्यांच्या मॅडमने फोटो काढले आणि पाठवण्यासाठी माझा नंबर घेतला.

तिसऱ्या दिवशी तोरणमाळ. घाट खडा आहे, पोट हलकं ठेवून बसा. वर तलाव आहे, थंडी आहे आणि बोलायला कुणी नसलं तर चालेल इतकी शांतता आहे. मला काही ती चालली नाही. वळणं पाहताना एकच विचार मनात येत होता: पूर्वी इथली पोरं हे सगळं पायी उतरून खेळायला यायची, आणि हरून पुन्हा चढायची.

घरी येऊन आठवडा झाला. मध्ये मॅडमचा फोन आला होता, पत्ता विचारत होत्या. आभाराचं पत्र येईल म्हणून मी दिला. बाकी सोबत काय आलं याचा हिशेब लागत नाही. रीत राहिली, माणूस पुसला गेला. आबांना हेच आवडलं असतं. मला आवडत नाही.

इथवर काल दुपारी लिहिलं, आणि दारावर थाप पडली. बेल असताना तळहाताची थाप. धप्, धप्.

दारात माझ्याहून म्हातारा माणूस. डोक्याला फेटा, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी.

"मी तोरणमाळचा. मॅडमचा बाप. पोरगा द्राक्षाच्या कामाला दिंडोरीला आला, त्याच्यासंगं आलो." दम खाऊन म्हणाला, "पोरगी बोलली, एक म्हातारा हरेल पोरींच्या पंगतीत बसला. मी बोललो, तो आबाच्या घरचाच. मी हरलो होतो तिथं, लहान असताना. रडत होतो. आबानं बाजूला बसवून घास दिला."

मी त्याच्या हातातली पिशवी घेतली.

"पन एक विचारायचं राहिलं," तो म्हणाला. "सगळे आबाच बोलायचे. नाव काय होतं त्याचं?"

"आधी आत या," मी म्हटलं. "ताट वाढतो. जेवता जेवता सांगतो."