काकीची पेज

कोकण रेल्वे नुकती सुरू झाली होती, तेव्हा मी कुडाळकडच्या एका इस्पितळात नर्स होते. नव्या डॉक्टरांनी नियम घातला होता. दाखल होणाऱ्या प्रत्येकाचं वजन करायचं आणि विचारायचं, अलीकडे वजन घटलंय का, जेवण कमी झालंय का. उपाशी माणसाची जखम भरत नाही आणि उपासमार तापासारखी हाताला लागत नाही, असं ते म्हणायचे. मला हे नव्याने शिकायचं नव्हतं.

आई गेल्यावर मी मालवणला काकीकडे वाढले. घरची होडी होती, खाण्यापिण्याला तोटा नव्हता. सकाळची पेज काकी स्वतः वाढायची. खालची शितं तिच्या मुलांना, वरचं निवळ पाणी मला. सुका बांगडा त्यांच्या पानात, मला त्याचा वास. "चेडवाक जास्ती कित्याक व्हया?" पोरीला जास्त कशाला हवं, असं ती शेजारणींना हसत सांगायची. त्या हसण्याचा राग मी जपून ठेवला होता.

एका दुपारी तीच काकी सुनेच्या खांद्यावर हात टाकून वॉर्डात आली. कालवाच्या शिंपल्याची धार लागून पाय चिघळला होता. मी तिला काट्यावर उभं केलं. माझ्या पाठीत धपाटा बसायचा तेव्हा ज्या पाटल्या रुतायच्या, त्या आता मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होत्या. तिने मला ओळखलं आणि मान खाली घातली.

"जेवण कमी झालंय का?" मी विचारलं.

उत्तर सुनेने दिलं. "बरा जेवतत. सकाळ-सांज पेज दितंय."

सोबत आणलेला डबा मी उघडला. आत नुसतं निवळ होतं. मला बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं. मी 'ठीक आहे' एवढं म्हणाले असते, तर कुणी पुन्हा विचारलं नसतं. पाय सडत गेला असता आणि काकी निवळ पीत राहिली असती. पण मग माझं उट्टं सुनेच्या हातून निघालं असतं, आणि मला ते माझ्या हातांनी काढायचं होतं.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. घट्ट पेज, अंडं आणि मासे सुरू झाले. भरवायला मीच बसायचे, भर वॉर्डात, आजूबाजूच्या बायकांच्या देखत. चमचा तळापर्यंत घालून शितं वर काढायचे आणि तिला दाखवून मग तोंडाशी न्यायचे.

"माका भूक नाय गो," ती तोंड फिरवायची.

"आसा. भूक कशी असता ती माका ठाऊक आसा."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मी चमचा खाली ठेवत नसे. तिला रडवायचं होतं आणि जगवायचंही होतं, कारण मेलेल्या माणसाला काही आठवत नाही.

जखम भरली, वजन वाढलं. घरी जायच्या दिवशी शेवटचा घास घेतल्यावर तिने माझं मनगट धरलं.

"तू जेवलंस गो?"

त्या घरात मला हे कुणी कधीच विचारलं नव्हतं. मी तिचं तोंड पुसलं, वाटी उचलली आणि पुढच्या खाटेकडे गेले.