खंडेनवमीची रॅम

खंडेनवमीला यंत्राला नवं काहीतरी द्यायची आमच्या घरची रीत. म्हणून थोरल्या अण्णाने सप्तापूरच्या माझ्या खोलीत येऊन कॉम्प्युटरमध्ये जुन्या रॅमशेजारी भलत्याच कंपनीची रॅम बसवली आणि वर कुंकू लावलं. संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर तीनदा बंद पडला. तिसऱ्यांदा माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण गेलं. मी खलातला बत्ता उचलून कॅबिनेटवर हाणला. ‘बिडो, सोड,’ असं आधी कानडीत, मग मराठीत म्हणत अण्णा मध्ये आला. मी त्याच्या उजव्या मनगटावर हाणला. हाड मोडलेलं ऐकू आलं, तरी पुन्हा हाणला.

दुकानदाराने नंतर सांगितलं, दोन्ही रॅम चांगल्या आहेत, फक्त एकत्र चालत नाहीत. मी जुनी काढून फेकली.

अण्णा अजूनही दर खंडेनवमीला येतो आणि त्या चेपलेल्या कॅबिनेटला डाव्या हाताने कुंकू लावतो.