हिरूपाटलांनी न केलेली सही

कागद ऐकल्याशिवाय हिरूपाटील सही करीत नसत. शिक्षण जेमतेम चौथी. पोलीस ठाण्याचा कागद आला की शाळेत येऊन माझ्यापुढे ठेवायचे. "वाचा, गुरुजी." वाचून झालं की म्हणायचे, "आता सावकाश वाचा."

नव्वदच्या सुमारास मी वैशाखऱ्याजवळच्या त्या गावात शिक्षक म्हणून गेलो, तेव्हा ते तिथले पोलीस पाटील होते. मयत, भांडण, गावात आलेला नवखा माणूस, सगळं ठाण्यात कळवायचं हे त्यांचं काम. "बाबाची पाटीलकी वतनाची, माझी अर्जाची," ते सांगत. "दर पाच वर्षांनी सायेब ठरवणार, ठेवायचा का काढायचा."

एकदा विहिरीवरचा पंप चोरीला गेला. पोलिसांनी डोंगरावरच्या वाडीतल्या बुधाला उचललं. कारण एवढंच, की मागच्या चोरीतही त्यालाच उचललं होतं. त्याची बायको पाटलांच्या ओट्यावर येऊन बसली. पाटील म्हणाले, "मीच जाऊन आनतो त्याला. तू घरी जा गो."

तिसऱ्या दिवशी त्यांनी आणलं. बुधाचा उजवा हात कोपरातून लोंबत होता. त्याला वाडीवर पोचवून पाटील शाळेत आले, तर फौजदार भाड्याची जीप घेऊन आधीच हजर. पंचनामा तयार होता : संशयित पळताना ओढ्यात पडला. पंच म्हणून आम्हा दोघांच्या सह्या हव्या होत्या. मी वाचला. मग सावकाश वाचला.

"मी त्याला पडताना बघला नाय, सायेब."

"सही करा, पाटील."

"बघला नाय त कशी करू?"

फौजदार माझ्याकडे वळला. "गुरुजी, तुम्ही शहापूरला बदली मागितलीय म्हणे?"

मी सही केली. दुसरी त्याने जीपच्या ड्रायव्हरची घेतली.

पाटील मला एका शब्दानेही बोलले नाहीत. फक्त पुन्हा शाळेत आले नाहीत. पुढे पंप विहीरमालकाच्या पुतण्याच्या गोठ्यात सापडला. घरचं प्रकरण म्हणून मिटलं. मुदत संपल्यावर पाटलांना काढलं. शेऱ्यात लिहिलं, 'सहकार्य करीत नाहीत.' गावाने नव्या पाटलाला हार घातला. मला शहापूर मिळालं, आटगावला घर झालं.

काही वर्षांनी पाटील गेल्याचं कळलं. दहाव्याला गेलो. बुधा होता, हात तसाच वाकडा. मला पाहताच तो पाया पडला.

"आमच्या बाजूनं तवा तुमी दोगंच व्हतात, गुरुजी."

पाटलांनी त्याला सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.